मारुती ८०० (१९८५) : क्लचचा संच नवा बसवूनही गाडी तापल्यावर गिअर पडत नाही

प्रश्न : गंगापूर रोड, नाशिक

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे वडिलांची १९८५ सालची मारुती ८०० आहे. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि १९८६ मध्ये तिचे रूप बदलले, त्या मधल्या काळातली ही आहे. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मूळचेच आहे आणि चार गिअरचा बॉक्सही मूळचाच आहे. वडिलांनी ही गाडी जिवापाड जपली. त्यांच्या माघारी मी ती आठवड्यातून दोन-तीनदा तरी बाहेर काढतो आणि वर्षातून एकदा सगळ्या घराला घेऊन सप्तशृंगी गडावर नेतो.

गेल्या उन्हाळ्यात क्लच घसरू लागला होता. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, पण गाडी ओढत नसे. तेव्हा शहरातल्या एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही नवे बसवून घेतले. घसरणे थांबले, परंतु त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत एक नवीनच दुखणे सुरू झाले. सकाळी गाडी गार असताना पहिला आणि रिव्हर्स दोन्ही गिअर अगदी सहज पडतात. द्वारका चौकातून नाशिक रोडकडे जाताना वाहतूक तुंबली आणि दोन-चार वेळा गाडी बंद करून पुन्हा सुरू करावी लागली, की पेडल हळूहळू जड होत जाते, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो आणि सिग्नलला पहिला गिअर पडतच नाही. इंजिन बंद केले की तोच गिअर निमूटपणे पडतो. म्हणून गिअर टाकूनच गाडी सुरू करण्याची वेळ दोनदा आली आणि दोन्ही वेळा गाडीने पुढे उडी मारली.

दुसरी तक्रार जुनी आहे. गडावरून परत येताना नांदुरीच्या घाटात वळणापाशी तिसऱ्यातून दुसरा गिअर घेतला की दाते घासल्यासारखा आवाज येतो. तो गाडी गार असो वा गरम, येतोच.

गॅरेजमधल्या मंडळींचे म्हणणे असे की, सिंक्रो (गिअर पडताना दात्यांचे वेग जुळवून देणाऱ्या रिंगा) गेले असावेत, बॉक्स पुन्हा उतरवून पूर्ण उघडावा. खर्चाची चिंता आहेच, परंतु त्याहून मोठी चिंता अशी की चाळीस वर्षे कोणी न उघडलेला बॉक्स कारण नसताना उघडला जाईल. उघडण्यापूर्वी घरी काय काय तपासता येईल, ते कृपया सांगावे. आणखी एक गोष्ट, कदाचित तिचा याच्याशी संबंध नसेल : अलीकडे सेल्फही जरा जड फिरतो. बॅटरी दोन वर्षांची आहे.


उत्तर : निवृत्त फिटर, सातपूर

आपण लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे सांगणे सोपे जाते. इंजिन बंद केल्यावर तोच गिअर निमूटपणे पडतो, हे आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य आहे. गिअर न पडण्याची कारणे दोन ठिकाणी असतात. एक तर गिअरची दांडी, तिच्याखालचे बुश, बॉक्समधले फोर्क आणि सिंक्रो यांत दोष असतो, किंवा मग पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसतो, म्हणजे इंजिन बॉक्सपासून पूर्ण वेगळे होत नसते. इंजिन बंद असताना आतले काहीच फिरत नाही. अशा वेळी चारही गिअर आणि रिव्हर्स विनासायास पडत असतील, तर दांडी आणि फोर्क यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरत नाही. एखादा गिअर तेव्हाही अडला तर गाडी हातभर पुढे ढकलून पुन्हा पाहावे, कारण कधी कधी दाते नेमके समोरासमोर येऊन थांबलेले असतात.

आता रिव्हर्सची परीक्षा घ्या. या बॉक्समध्ये पुढचे चारही गिअर सिंक्रोचे आहेत, रिव्हर्स मात्र साधा, दाते सरकवून अडकवण्याचा आहे, त्यामुळे क्लच सुटतो की नाही हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरा कोणताही गिअर सांगत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा, न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालीवर ठेवा. क्लच तळापर्यंत दाबा, सावकाश सहा आकडे मोजा आणि मगच रिव्हर्स टाका. क्लच खरोखर सुटला असेल तर तेवढ्या वेळात बॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचमार्फत इंजिनाने फिरणारा दांडा) थांबतो आणि गिअर आवाज न करता पडतो. सहा आकड्यांनंतरही करकर आली तर शाफ्ट अजून फिरतो आहे, म्हणजे क्लच धरून ठेवतो आहे, असे समजा. पेडल दाबल्याबरोबर लगेच रिव्हर्स टाकला तर निरोगी गाडीतही आवाज येतो, म्हणून तो आवाज हिशेबात धरू नये. ही परीक्षा एकदा सकाळी आणि एकदा गाडी तापून त्रास सुरू झाल्यावर घ्या.

यानंतरचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि तेच बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. क्लचची केबल गिअरबॉक्सवर ज्या आर्मला जोडलेली असते, तो आर्म किती सरकतो ते मोजा. इंजिन बंद ठेवून, आर्मच्या टोकाशेजारी शाळेतली स्टीलची पट्टी धरा, घरातल्या कोणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि टोक कुठून कुठे गेले ते लिहून ठेवा. सकाळचा आकडा आणि त्रासाच्या वेळचा आकडा यांची तुलना करा. पेडल दोन्ही वेळा तळाला टेकत असूनही गरम झाल्यावर आर्म कमी सरकत असेल, तर दोष बॉक्सच्या बाहेर आहे : केबलचा आउटर (बाहेरची नळी) दबतो आहे, इनर (आतली तार) आत अडकतो आहे, किंवा आउटर जिथे टेकतो तो बॉडीचा पत्रा किंवा ब्रॅकेट वाकतो आहे. आर्म दोन्ही वेळा सारखाच सरकत असेल आणि तरीही क्लच सुटत नसेल, तर मात्र दोष घंटेच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या, आत आहे. प्लेट वाकलेली असेल, शाफ्टच्या खाचांवर ती अडकत असेल, फोर्कचा शाफ्ट किंवा त्याचे बुश झिजले असतील. तेव्हा बॉक्स उतरवावाच लागेल.

मोजमाप घेताना गाडी तापलेली असेल, तर रेडिएटरच्या पंख्यापासून हात दूर ठेवा. तो विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

एक कळकळीची सूचना आहे. त्रास होतो म्हणून केबलचा नट आवळून पेडल वर आणू नका. पेडलला साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल हवीच. ती संपवली तर रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटला टेकलेले राहते, गाडी पुन्हा घसरू लागते आणि नवी प्लेट काही महिन्यांत जळते. क्लच सुटत नाही म्हणून आवळलेली आणि त्यापायी जळालेली प्लेट मी अनेक वेळा हातात घेतली आहे. मूळ दोष मात्र तेव्हाही जागच्या जागीच सापडला.


उत्तर : अंबड

माझे मत थोडे वेगळे आहे. त्रास क्लचचे काम केल्यानंतरच सुरू झाला आहे, म्हणजे त्या कामातच चूक असणार. प्लेट उलट बाजूने बसवली गेली असेल तर तिचा मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो आणि क्लच सुटत नाही. माझ्या ओळखीच्या एका गाडीत हे घडले होते. गॅरेजला परत नेऊन त्यांच्याकडूनच बॉक्स उतरवून घ्यावा, असे मी सुचवेन.


उत्तर : निवृत्त फिटर, सातपूर

अंबडच्या मित्रांनी सांगितलेली चूक होते, हे खरे आहे. परंतु प्लेट उलटी बसली तर गाडी पहिल्या दिवसापासून, सकाळीही आणि गार असतानाही त्रास देईल. इथे दोन-तीन आठवडे सर्व ठीक होते आणि आजही सकाळी ठीक असते. तापमानाबरोबर बदलणारा दोष तापणाऱ्या वस्तूतच शोधावा लागतो. क्लचचे काम आणि हा त्रास यांचा संबंध आहे, एवढे मात्र मलाही वाटते. तो संबंध कोणता, हे आर्मच्या मापावरून कळेल. तोवर बॉक्स उतरवण्याची घाई नको.


प्रश्नकर्ता

काका, आपण सांगितल्याप्रमाणे रविवारी सगळे केले. इंजिन बंद असताना पाचही जागा विनासायास पडतात. सकाळी सहा आकडे मोजून टाकलेला रिव्हर्स आवाज न करता पडला. मुलीने पेडल दाबले आणि मी पट्टी धरली, तेव्हा आर्म २६ मिलिमीटर सरकला. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा तेवढाच.

त्यानंतर गाडी अशोक स्तंभ, रविवार कारंजा आणि होळकर पुलावरून पंचवटीपर्यंत नेली आणि तिथून परत आणली. वाटेत मुद्दाम सहा-सात वेळा बंद करून सुरू केली. घरी आलो तेव्हा पेडल जड झाले होते आणि बारा आकडे मोजूनही रिव्हर्सला करकर आली. ताबडतोब पट्टी लावली. आर्म १८ मिलिमीटर सरकला. पेडल तळाला टेकत होते, हे मी स्वतः वाकून पाहिले. तासाभराने गाडी निवल्यावर तोच आकडा २४ झाला, सकाळइतका मात्र झाला नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. केबल जिथे बॉडीच्या पत्र्यातून आत जाते, त्या जागेजवळ केबलच्या काळ्या आवरणाला बोट लावले तर ते चटका बसण्याइतके गरम होते. एक्झॉस्ट तिथून बराच दूर आहे. तिथपर्यंत इंजिनाची उष्णता एवढी कशी पोहोचते, हे मला उमगलेले नाही. केबलच जुनी असल्यामुळे असे होते का? ती क्लचच्या कामात बदललेली नव्हती.


उत्तर : देवळाली कॅम्प

दादा, आपल्या पहिल्या पत्रातली शेवटची दोन वाक्ये आणि या पत्रातला चटका एकत्र वाचा. सेल्फ जड फिरतो, त्रास गाडी पुन:पुन्हा सुरू केल्यावर वाढतो, आणि इंजिनापासून दूर असलेली क्लचची केबल गरम होते. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या गाडीत हेच तीन धागे एकत्र आले होते आणि आम्ही सहा महिने केबली बदलत बसलो होतो. आपली केबल इंजिनामुळे तापत नसावी. तिच्यातून स्टार्टरचा विद्युतप्रवाह वाहत असावा.

कारण असे आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात आणि रबरातून वीज जात नाही. सेल्फ मारल्यावर स्टार्टर शंभर अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह खेचतो आणि तेवढा सगळा प्रवाह इंजिनाच्या धातूतून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत परत जावा लागतो. त्यासाठी अर्थिंगची जाड वायर किंवा विणलेली तांब्याची पट्टी दिलेली असते. ती ढिली झाली, गंजली किंवा गिअरबॉक्स उतरवताना सोडून पुन्हा जोडायची राहिली, तर प्रवाह मिळेल त्या वाटेने बॉडीपर्यंत जातो. इंजिनाला बॉडीशी जोडणारे धातूचे दुवे मग उरतात तरी किती? क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, चोकची केबल आणि गिअरची दांडी. त्यांतली क्लचची केबल जाड असल्यामुळे मोठा भार तिच्यावर येतो. तिच्या स्टीलच्या गुंडाळीला इतका प्रवाह सोसत नाही. ती तापते, आतले प्लास्टिकचे अस्तर मऊ पडून इनरला चिकटते आणि आउटर दाबाखाली दबू लागतो. पेडल जड होणे आणि आर्म कमी सरकणे, ही दोन्ही लक्षणे त्यातूनच येतात. निवल्यावर अस्तर पुन्हा कडक होते, पण मूळ आकारात येत नाही, म्हणून आपला आकडा २४ वरच थांबला असावा.

हे तपासणे अवघड नाही. साधा मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबालाच लावा, त्यावरच्या क्लॅम्पला लावू नका. दुसरे टोक गिअरबॉक्सच्या खरवडून स्वच्छ केलेल्या धातूला लावा. कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी मुख्य वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूला पक्के टेकवून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करून कोणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. अर्थिंग चांगले असेल तर मीटर ०.२ ते ०.३ व्होल्टच्या पुढे जाऊ नये. एक व्होल्ट किंवा अधिक दिसले तर दोष सापडला असे समजा. मीटर नसेल तर जंप केबलची एकच तार घ्या आणि बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनावरच्या एखाद्या भक्कम बोल्टला जोडा. तेवढ्याने सेल्फ झटक्यात फिरू लागला तरी उत्तर तेच आहे.

अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत नवी केबल मात्र घालू नका. आम्ही दोन केबली अशाच वाया घालवल्या.


उत्तर : निवृत्त फिटर, सातपूर

ताईंनी जे लिहिले ते माझ्या ध्यानात आले नव्हते आणि ते पूर्णपणे पटते. बॉक्स उतरवताना ती पट्टी सोडावी लागते, म्हणून क्लचच्या कामाशी असलेला संबंधही जुळतो. तपासताना एक लक्षात असू द्यावे : चाळीस वर्षांच्या गाडीत वायरिंगला किती हात लागले असतील याचा नेम नसतो, तेव्हा पट्टी अमुकच बोल्टला असेल असे धरून चालू नये. बॅटरीच्या ऋण टोकापासून सुरुवात करून बोटाने वायर धरत धरत तिच्या शेवटापर्यंत जावे.


प्रश्नकर्ता

ताई आणि काका, दोघांचेही मनापासून आभार. दोष सापडला.

मीटरवर सेल्फ मारताना २.४ व्होल्ट आले. त्यानंतर काकांच्या सांगण्याप्रमाणे वायर धरत गेलो. बॅटरीच्या ऋण टोकाकडून आलेली वायर माझ्या गाडीत बॉडीला जोडलेली आहे आणि ती ठीक होती. बॉडीकडून गिअरबॉक्सला येणारी विणलेली पट्टी मात्र एका टोकाला मोकळी होऊन बॅटरीच्या बैठकीखाली लोंबत होती. तिच्या टोकाच्या, बोल्टसाठी भोक असलेल्या डोळ्यावर हिरवा गंज चढला होता आणि बॉक्सवरच्या ज्या बोल्टखाली ती असायला हवी, तिथे वॉशरच्या आकाराचा स्वच्छ गोल डाग तेवढा दिसत होता.

पट्टी काढून पाहिली तर अर्ध्या तारा तुटलेल्या होत्या, म्हणून नवी जाड पट्टी करून घेतली. बॉडीवरचा रंग आणि बॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळले आणि वरून पेट्रोलियम जेली लावली, कारण आमच्या गल्लीत पावसाळ्यात ओल फार असते. तेच मीटर आता ०.१५ व्होल्ट दाखवते. सेल्फ असा फिरतो की बॅटरी नवी आणली की काय असे घरातल्यांनी विचारले.

क्लचची केबल काढली तेव्हा तिचा इनर हाताने ओढूनही हलत नव्हता. पत्र्याजवळच्या वीतभर भागात बाहेरचे आवरण फुगून त्यावर बारीक फोड आले होते. आउटर चिरून पाहिला, तर आतले पांढरे अस्तर तपकिरी होऊन तारेला मेणासारखे चिकटलेले होते आणि जळक्या प्लास्टिकचा वास अजून येत होता. नवी केबल घेताना जुनी सोबत नेली होती आणि तेच योग्य झाले. दुकानदाराने दिलेली पहिली केबल दोन बोटे लांब निघाली, दुसरी मात्र नीट जुळली. आता गार असताना आर्म २७ मिलिमीटर सरकतो आणि मुंबई नाक्याच्या संध्याकाळच्या गर्दीतून आल्यावरही २७ च सरकतो. पेडलची मोकळी चाल २५ मिलिमीटरवर ठेवली आहे. रिव्हर्स चार आकड्यांतच आवाज न करता पडतो.

राहिला तो दुसरा गिअर. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना आवाज अजून येतो. क्लच आता निर्दोष आहे, तेव्हा हा दोष वेगळा मानावा का?


उत्तर : निवृत्त फिटर, सातपूर

होय, तो वेगळाच मानावा. क्लच धरून ठेवत असता तर सगळ्याच गिअरना कमी-अधिक त्रास झाला असता आणि रिव्हर्सला सर्वांत जास्त झाला असता. एकाच गिअरला, तोही खाली येताना आवाज येतो, तेव्हा त्या गिअरच्या सिंक्रो रिंगवर संशय जातो. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना रिंगला आतल्या शाफ्टचा वेग वाढवून गिअरच्या वेगाशी जुळवावा लागतो. रिंगच्या आतल्या बारीक खाचा झिजल्या की ती गिअरच्या शंकूसारख्या भागावरचा तेलाचा थर कापू शकत नाही, तिची पकड सुटते आणि वेग जुळण्याआधीच दाते भिडतात. चार गिअरच्या गाडीत घाटात सर्वांत जास्त काम दुसऱ्या गिअरलाच पडते, म्हणून आधी झिजते ती त्याचीच रिंग.

परंतु रिंगेपर्यंत जाण्याआधी तेल पाहावे. बॉक्समध्ये सध्या कोणते तेल आहे? अनेक ठिकाणी आवाज दबावा म्हणून १४० ग्रेडचे घट्ट तेल घालतात. तसे असेल तर डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडे पारा एक आकडी होतो त्या दिवसांत, सकाळचे पहिले काही किलोमीटर सगळेच गिअर जड जातात आणि मग सुटतात. दुसरी चूक दर्जाची होते. जीएल-५ दर्जाचे तेल मागच्या एक्सलच्या भारी दात्यांसाठी चांगले असते, परंतु त्यातल्या काही तेलांमधली गंधक-फॉस्फरसची द्रव्ये पितळेच्या रिंगांना मानवत नाहीत. शिवाय असे तेल जितके निसरडे, तितकी रिंगची पकड कमी. अशा बॉक्सला साधारणपणे जीएल-४ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० तेल योग्य ठरते. पुस्तिका जपून ठेवली असेल तर तिच्यात लिहिलेलेच घाला.

तेल काढताना आधी भरण्याचा बोल्ट सुटतो की नाही ते पाहा आणि मगच खालचा उघडा. खालून तेल काढल्यावर वरचा बोल्ट गंजून बसलेला आढळला, तर गाडी जागेवरच अडकून पडते. गाडी फिरवून तेल कोमट असतानाच काढा, म्हणजे तळातला गाळही बाहेर येईल. ते एखाद्या जुन्या स्टीलच्या ताटात धरा आणि उन्हात तिरके करून नीट पाहा. बोटांना करडी, पिठासारखी पूड लागली तर ती वयाची आहे. पिवळी चमक दिसली तर ती रिंगांची आहे. हाताला टोचणारा कण सापडला तर मात्र दाता तुटलेला असू शकतो आणि मग बॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

तोवर घाटात डबल क्लच वापरा. पेडल दाबून न्यूट्रल करा, पेडल सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला हलकासा झटका द्या, पुन्हा पेडल दाबून दुसरा टाका. मधल्या झटक्याने शाफ्टचा वेग आपण स्वतः वाढवतो, तेव्हा रिंगला काम उरत नाही. आमच्या वेळी जड गाड्या चालवणाऱ्यांना हे शिकवावे लागत नसे. दोन-तीन दिवस रिकाम्या रस्त्यावर सराव केला की पायाला सवय होते. वळण सुरू होण्याआधीच गिअर उतरवून घ्यावा, वळणात हे करू नये.


प्रश्नकर्ता

काका, तेल काढले. आधी वरचा बोल्ट सोडवला, त्याला दोन दिवस गंज सुटण्याचे तेल मारावे लागले. निघालेले तेल इतके घट्ट होते की गाडी फिरवून आणल्यावरही ताटात मधासारखे संथ उतरले. गॅरेजमध्ये विचारल्यावर १४० घातल्याचे त्यांनीही सांगितले. उन्हात ताट तिरके केले तेव्हा तळाशी करडी पूड होती आणि तिच्या कडेने पिवळ्या चमकेची बारीक रेघ दिसत होती. टोचणारा कण एकही सापडला नाही. संपूर्ण गाळ फडक्यावर पसरून बोटाने चाचपून पाहिला.

नवे जीएल-४ तेल गाडी सपाट उभी करून बोल्टच्या तोंडाशी येईपर्यंत भरले. काल त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना सावकाश घेतला तर आवाज येत नाही, घाईने घेतला तर अजून येतो. डबल क्लच दहांपैकी सहा-सात वेळा जमतो. बॉक्स सध्या उघडत नाही. दुसऱ्या गिअरची रिंग चांगल्या अवस्थेत कोणाकडे असेल तर कळवावे, म्हणजे पुढे कधी क्लचसाठी बॉक्स उतरवावा लागला तर ती हाताशी असेल. पुढच्या तेलबदलाच्या वेळी ताटातली पिवळी रेघ वाढली की तेवढीच राहिली, ते इथेच लिहीन.